श्रीरंगअण्णांची नवी आवृत्ती

शेजारच्या साळुंखे मास्तरांना तिरडीवर घेतलं, त्यांच्या बायकोनं हंबरडा फोडला, आणि नेमका त्याच वेळी अंगणात खुर्चीवर बसलेला श्रीरंग थोरात खणखणीत आवाजात म्हणाला, "नमस्कार! आपली नवी आवृत्ती तयार आहे. पुन्हा सुरू होण्यासाठी ही उत्तम वेळ आहे."

रडणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. मागं उभ्या असलेल्या दोघाचौघांनी तोंडाला टॉवेल लावले, त्यांचे खांदे गदगदत होते. श्रीरंगच्या बायकोनं, उज्ज्वलानं, कमरेला खोचलेला फोन धडपडत काढला आणि पडद्यावरचं 'नंतर' दाबलं. मग डोळे मिटून तिनं मेलेल्या मास्तरांची मनातल्या मनात क्षमा मागितली.

श्रीरंग काही चेष्टा करत नव्हता. बिचाऱ्याचा चेहरा शरमेनं काळाठिक्कर पडला होता. पण बिचारा म्हणायचं तरी किती? उभ्या कराड तालुक्यात कुस्तीचं मैदान म्हटलं की निवेदनाला श्रीरंग थोरात. त्यानं माईक हातात घेतला की पैलवानांच्या आधी पब्लिक उठायचं. बाहेर असा मध, आणि घरात पाऊल टाकलं की तीच जीभ मिरचीत बुडवलेली. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून उज्ज्वलाच्या आईबापाचा उद्धार, जास्त पडलं म्हणून आजीआजोबांचा. लग्न झाल्यापासून तिनं 'दमलीस का गं' एवढंसुद्धा त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांमागं त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. सगळं गाव हळहळलं. उज्ज्वलाही लोकांसमोर हळहळली. पण खरं सांगायचं तर त्या वर्षभरात तिला जेवण गोड लागत होतं. घशातून नुसती घुरघुर काढणाऱ्या नवऱ्याला ती भरवायची, पुसायची, आणि शांतपणे टीव्ही बघायची.

मग पुण्याच्या लेकाला, ऋतुराजला, बापाचं प्रेम उतू आलं आणि त्यानं 'वाणी' बसवून आणली.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सगळं नीट समजावून दिलं होतं. मेंदूत विचार उमटतो तो भाग शाबूत आहे. पण विचाराचे शब्द करून ते जिभेपर्यंत पोहोचवणारी वाट मेली आहे. म्हणून मेंदूवर केसाहून बारीक तारांची एक जाळी ठेवायची. शब्द उमटला की जाळीला त्याची चाहूल लागते. कानामागं बसवलेली सुपारीएवढी डबी तो शब्द ओळखते आणि गळ्याच्या, ओठाच्या, जिभेच्या नसांना हुकूम सोडते. आवाज माणसाचाच, तोंडही त्याचंच. हुकूम तेवढा डबीचा.

"फक्त एक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आपण मनात दहा गोष्टी आणतो आणि त्यातल्या दोन बोलतो. ही पहिली आवृत्ती तेवढी हुशार नाही. मनात जोरात आलेलं सगळंच ती बोलून टाकते."

झालं! पूर्वी श्रीरंग दहातले निदान दोन शब्द तरी गिळायचा. आता तेही बाहेर पडायला लागले. व्याह्यांना तोंडावर 'भिकारडे', डॉक्टरला 'लुटारू', आणि उज्ज्वलाला तर काय, दिवसभर आरतीच.

त्यावर कंपनीनं मार्गशीर्षात नवी आवृत्ती पाठवली. ती शब्दाशब्दासाठी थांबत नाही. पहिली चाहूल लागली की अख्ख्या वाक्याचा अंदाज बांधते, एका अर्थाची पाचसात वाक्यं तयार करते, आणि घरच्यांना जे आवडेल तेच तोंडातून सोडते. घरच्यांना काय आवडतं हे ती त्यांच्या चेहऱ्यावरून नि आवाजावरून शिकते. जाहिरातच होती तशी: 'या संक्रांतीपासून तुमचं माणूस गोड बोलेल.' ही आवृत्ती न सांगता डबीत उतरून बसली होती. डबी एकदा बंद करून पुन्हा सुरू केली की तिचा अंमल बसणार आणि जुनी कायमची पुसली जाणार. फोनवरच्या सूचना लोक बघत नाहीत, म्हणून कंपनीनं आठवण करायचं काम पेशंटच्या तोंडावरच सोपवलं होतं. फोनच्या पडद्यावर दोनच पर्याय होते, 'आत्ता' आणि 'नंतर'. ते दाबायचा अधिकार घरातल्या एकाच माणसाला होता, आणि ते माणूस म्हणजे उज्ज्वला.

"आई, कशाला नंतर नंतर करत बसतेस?" ऋतुराज फोनवर वैतागला. "कर की रीस्टार्ट! शिव्या तूच खातेस ना?"

"बघू. पौष लागला आता. भाकड महिन्यात नवं काही करू नये."

"अगं, डबीला कसला आलाय पौष?"

"तुला नाही कळायचं ते," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

खरं कारण पौष नव्हतं, रसिका होती.

रसिका त्यांची थोरली लेक. लहानपणी बोलताना अडखळायची. शाळेत असताना पाडळीच्या जत्रेत, कुस्तीच्या मैदानात, बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करायला तिला व्यासपीठावर उभं केलं होतं. पोरीनं आठवडाभर आरशासमोर तालीम केली होती. माईकसमोर आली आणि 'स्वा-स्वा-स्वा'वर अडकली. बाप शेजारीच होता. त्यानं तिच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, "मंडळी, आमची ग-ग-गाडी घाटात अडकलीय. जरा धक्का मारा!" हजारो माणसं हसली. त्या दिवसापासून पोरगी चारचौघांत बोलली नाही. शिकली, बंगळूरला गेली, आणि तिथं बोलता न येणाऱ्या मुलांना शिकवायला लागली. बापाच्या आजारपणातही ती आली नाही. आईशी मात्र दर रविवारी फोनवर बोलायची.

नवी आवृत्ती आल्याचं आईनं तिला सांगितलं तेव्हा तिला जास्त समजावून द्यावं लागलं नाही. तिला या डब्या चांगल्या ठाऊक होत्या.

"आई, एक सांगते. अण्णांना रीस्टार्टच्या आ-आधी एकदा, फक्त एकदा, स्वतः म्हणू दे की चुकलो. त्याच दिवशी गाडी पकडते. पण रीस्टार्टनंतर तो फोन करू नकोस. म-मशीनची माफी मला नको."

लेक घरी येणार! त्या दिवसापासून उज्ज्वलानं 'नंतर' सोडून दुसऱ्या कशाला बोट लावलं नाही. तिनं श्रीरंगलाही सांगितलं. तो आधी खेकसला. मग दोनचार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला. आणि एका सकाळी, ती त्याची दाढी करत असताना, म्हणाला, "रसिकाला फोन लाव."

उज्ज्वलानं वस्तरा गालापासून बाजूला घेतला.

"ते नवं सुरू झालं की... माझ्या तोंडून दुसराच कोणीतरी बोलणार. त्याच्याआधी... मला बोलू दे. चुकलंच माझं. लाव फोन."

तो खरंच बोलत होता. जुन्या आवृत्तीला खोटं बोलता येत नव्हतं. तेव्हाच फोन लावला असता तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पोरगी दुसऱ्या दिवशी दारात असती.

पण उज्ज्वला म्हणाली, "आत्ता नको. पौष चाललाय. पौषात चांगली ती एक संक्रांतच, तेव्हा बोला. गोड बोलायचा दिवस आहे तो."

पौषाचं निमित्त झालं बघा. मनात वेगळंच शिजत होतं. 'चारचौघांत माझ्या पोरीची अब्रू घेतलीत, मग माफीही चारचौघांतच मागा. कोपऱ्यात, साबणाच्या फेसातून कसली माफी?' आणि त्याच्याही तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिनं स्वतःलासुद्धा कधी सांगितली नाही. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काहीतरी मागत होता. रोज सकाळी 'लाव ना फोन' म्हणत होता, आणि रोज ती 'नंतर' म्हणत होती. ते तिला फार आवडायला लागलं होतं.

पौष तसाच सरत राहिला. 'नंतर' दाबलं की आठवण काही काळ थांबायची, पण दर खेपेला थोडी लवकर परत यायची. कंपनीनं शेवटची मुदतही कळवली होती: संक्रांतीची संध्याकाळ. त्यानंतर कोणी काही दाबो न दाबो, डबी आपोआप रीस्टार्ट होणार. भोगीच्या दिवशी श्रीरंग भाकरी मागायला गेला तर 'भाक—' म्हणून 'नमस्कार!' सुरू. गल्लीतली माणसं मुद्दाम खिडकीशी येऊन विचारायची, "काय अण्णा, बरं आहे ना?" आणि उत्तर ऐकून पोट धरधरून हसायची. ज्याच्या शब्दावर मैदान डोलायचं त्या माणसाला एक वाक्य धड पुरं करता येईना.

"उज्ज्वला, पाया पडतो... आज लाव. नमस्कार! आपली नवी आवृत्ती... उद्या मला जमायचं नाही."

"उद्याच," ती म्हणाली. "बायकांना सांगून ठेवलंय."

संक्रांतीला दुपारी तिनं हळदीकुंकू ठेवलं. न्हाऊ घालून, इस्त्रीचा सदरा चढवून श्रीरंगला हॉलच्या मधोमध खुर्चीत बसवला. हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम, म्हणून गल्लीतल्या बायका दारातच जरा बिचकल्या. पण आज काहीतरी बघायला मिळणार हे त्यांना कळलं होतं. त्या सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. पाडळीच्या मैदानातली गोष्ट त्यातल्या निम्म्याजणींनी सासरच्यांकडून ऐकलेलीच होती. साळुंखे मास्तरांच्या घरून कोणी नव्हतं, तिथं सुतक होतं. वाण म्हणून उज्ज्वलानं स्टीलचे डबे आणले होते. हळदीकुंकू झालं, अत्तर लावून झालं, तिळगूळ हातावर पडला, आणि मग उज्ज्वलानं फोन टीपॉयवर उभा करून आवाज मोठा केला.

"रसिका, अण्णा बोलतायत बघ."

"हं." पलीकडं श्वास जोरात चालला होता. "बो-बोला अण्णा."

श्रीरंगनं डाव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरला. "बाळा..." म्हणाला. रसिकाला त्यानं बाळा कधी म्हटलं होतं, उज्ज्वलाला आठवेना. "बाळा, पाडळीला मी... नमस्कार! आपली नवी आवृत्ती तयार आहे."

सतरंजीवर एक खुसखुस फुटली. उज्ज्वलानं डोळे वटारले आणि 'नंतर' दाबलं.

"पाडळीला मी तुझ्या हातनं... पुन्हा सुरू होण्यासाठी ही उत्तम... माईक घेतला. तो घ्यायला... नमस्कार!"

"सावकाश अण्णा," रसिका म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "घ-घाई नाही. मी थांबलेय."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कपाळाची शीर फुगली. तो एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा ओढून वर आणत होता. "तू लहान... होतीस. नमस्कार! मी चु... चु... नमस्कार! मी चु... चु... आपली नवी... चु... चु..."

पुढं बसलेल्या एका बाईला आवरलं नाही, ती फिसकन हसली. तिच्या मागोमाग दुसरी. आणि मग सगळा हॉल हसायला लागला, कोणी पदरात तोंड खुपसून, कोणी उघड उघड.

आणि उज्ज्वलाही हसली.

मुद्दाम नाही हो! तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पण तो हजारो माणसांना हसवणारा माणूस 'चु-चु' करत लाळ गाळताना बघून तिच्या पोटातून इतक्या वर्षांचं काहीतरी उसळून आलं. तोंडावर हात दाबायच्या आत ते बाहेर पडलं, मोठ्यानं, गदागदा. हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थांबायचं म्हटलं तरी थांबेना.

श्रीरंगनं तिच्याकडं पाहिलं. डोळे कोरडे झाले. आणि मनात जे जोरात आलं ते डबीनं, त्या दिवशी पहिल्यांदाच, एकदाही न तोडता, मैदानाच्या आवाजात बाहेर सोडलं.

"अगं ए र-र-र-रसिके! बघ तुझी आई कशी फिदीफिदी हसतीय! तुम्ही दोघी त्याच लायकीच्या! हसवलं तेच बरं केलं मी!"

हसणाऱ्या बायकांचे पदर तोंडावरून खाली आले.

उज्ज्वला फोनकडं झेपावली. "रसू, ऐक, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं गं! आत्ता म्हणत होते बघ, चुकलो म्हणत होते..."

"आई." लेकीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तिथं क-कोण कोण आहे?"

तेवढ्यात सतरंजीवर कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

"त-तू लोकांना बोलावलंस? माझ्यासाठी? आणि मघाशी ते हसणं... ते त-तुझं होतं ना?"

"अगं बाळा, मी..."

"अण्णांनी निदान विचार न करता केलं होतं, आई."

फोन बंद झाला. उज्ज्वलानं पुन्हा लावला. मग पुन्हा. वाजून वाजून थांबत होता. बायका एकेक करून उठल्या. वाणाचे डबे मात्र कोणी विसरलं नाही. दारात चपला घालता घालता एक दुसरीला म्हणाली, "मेलं, उगीच आलो." दुसरी म्हणाली, "उगीच काय, बरं झालं आलो."

दिवेलागण झाली. उज्ज्वला तशीच फोन हातात घेऊन भिंतीला टेकून बसली होती. श्रीरंग खुर्चीत होता. त्याचा राग केव्हाच उतरला होता.

"उज्ज्वला," तो म्हणाला. "लाव... नमस्कार! अजून एकदा लाव. चुकलो म्हणतो. नमस्कार! वेळ आहे अजून... थोडा."

"आता काय उपयोग?" ती ओरडली. "जळ्ळी मेली तुमची जीभ! माझी पोरगी गेली!"

"आपण हसलीस," तो म्हणाला.

हे त्याचं स्वतःचं शेवटचं बोलणं. 'आपण' डबीनं कुठून आणलं कोणास ठाऊक, नवी बहुधा उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. कानामागचा हिरवा ठिपका विझला. जबडा खाली लोंबला, मान कलली. घशातून पूर्वीसारखी घुरघुर यायला लागली. तो तिच्याकडं टक लावून बघत होता, आणि ती त्याच्याकडं. एवढी मोकळी मिनिटं त्या दोघांना पुन्हा मिळणार नव्हती. उज्ज्वलानं ती साडीच्या निऱ्या नीट करण्यात घालवली.

ठिपका लागला.

"उज्ज्वला," श्रीरंग म्हणाला. आवाज लोण्यासारखा. "दमली असशील गं. दिवसभर उभी आहेस. बस जरा माझ्यापाशी."

ती दचकली.

"पुरणाच्या पोळीपेक्षा आजची गुळाची पोळी छान झाली होती. तुझ्या हाताला तुझ्या आईची चव आहे."

पोळी त्यानं खाल्ली नव्हती. तरी पुढं काय म्हणतो ते ती ऐकत राहिली.

तेवढ्यात ऋतुराजचा व्हिडिओ कॉल आला. "काय रे बाळा, जेवलास का?" असं बापानं विचारल्यावर पोरगा हमसून हमसून रडला. "आई, बघितलंस? सांगत होतो ना मी! उगाच महिनाभर छळ करून घेतलास." ती हो म्हणाली. रसिकाचं त्याला काही सांगितलं नाही.

रात्रीचं अंथरूण घालून तिनं श्रीरंगला पलंगावर घेतलं. तो बोलतच होता.

"रसिकाची मी माफी मागतो. त्या दिवशी माझं चुकलं. एका निरागस मुलीचं मन मी दुखावलं. आणि उज्ज्वला, तुझंही. सगळा जन्म तू माझ्यासाठी झिजलीस, मी कधी दोन शब्द बोललो नाही. तू होतीस म्हणून हे घर उभं राहिलं."

किती सुरेख वाक्यं! कुठं अडखळणं नाही, कुठं नमस्कार नाही. उज्ज्वलानं फोन हातात घेतला, रसिकाचं नाव काढलं, आणि बोट तसंच राहिलं. मशीनची माफी मला नको. तिनं फोन उशीखाली सरकवला.

मग तिला हात दिसला.

श्रीरंगचा डावा हात, तोंड डबीचं झालं तरी अजून त्याच्याच हुकमात राहिलेला, पलंगाच्या कडेवर थडाथडा आपटत होता. तोंड म्हणत होतं, "तुझ्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हात वर उचलला गेला, कानामागं पोहोचला, आणि बोटं डबीच्या कडेत नखं रुतवून ती ओढायला लागली. कातडीतून रक्ताचा एक थेंब आला.

"किती छान वाटतंय गं तुझ्याशी बोलताना," श्रीरंग म्हणाला.

हात काय सांगतोय हे न कळण्याइतकी उज्ज्वला काही खुळी नव्हती. इतक्या वर्षांची बायको होती ती. फोन लावून तो हात लेकीला दाखवला असता, तर ती डब्यांची माहितगार, तिला क्षणात कळलं असतं की आत कोण आहे आणि काय म्हणतोय. उज्ज्वलाला हेही कळलं. पण मग लेक म्हणाली असती, काढ ती डबी. आणि मग पुन्हा ती घुरघुर, नाहीतर पुन्हा त्या शिव्या. आणि लेक? ती तर आईचं हसणं ऐकून बसली होती.

तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. पदरानं रक्त पुसलं. हात खाली आणला, गोधडीत घातला आणि गोधडीची कड गादीखाली घट्ट खोचली. एकदा ओढून बघितली. सुटत नव्हती.

मग ती उशाशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हं, काय म्हणत होता? माझ्यासारखी बायको?"

"तुझ्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं," श्रीरंग म्हणाला.

"पुन्हा म्हणा."